लाकडाला पाणी

सर कुठल्याही खोलीत शिरले की आधी भिंतीवर टकटक करायचे. मधलं बोट वाकवून, दोनदा. मग मान तिरकी करून ऐकायचे आणि बहुतेक वेळा म्हणायचे, "गोंधळ आहे."

आमच्या सावेडीतल्या ऑफिसाला लागूनच एका विमा एजंटचं ऑफिस होतं आणि मधली भिंत अगदी पातळ. सरांनी टकटक केली की पलीकडून हमखास आवाज यायचा, "कोण आहे?" सर इकडून ओरडून सांगायचे, "कोणी नाही हो, भिंत बघतोय!" हे रोजचं. दार सोडून माणूस भिंत कशाला वाजवेल, हे त्या भल्या गृहस्थांच्या कधी डोक्यात आलं नाही आणि कालची भिंत आज काय वेगळी असणार, हे सरांच्या. या दोघांच्या मध्ये बसून मी ड्रॉइंगं काढायचे. माझ्या डोक्याचं काय होत असेल, तुम्हीच बघा.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली. सर स्ट्रक्चरल इंजिनिअर. म्हणजे इमारत दिसेल कशी हे आर्किटेक्ट ठरवणार आणि ती पडणार कशी नाही हे सर ठरवणार. नगर, राहुरी, संगमनेर, इकडे पार सोनईपर्यंत त्यांची कामं. गोदामं, शाळा, पाण्याच्या टाक्या, फ्लॅट. सगळं सिमेंट आणि सळईचं.

त्यांच्या 'गोंधळ आहे'मध्येही दोन जाती होत्या बरं का. ड्रॉइंगमध्ये एक आणि साइटवर भलतंच, हा वाईट गोंधळ. आणि काय करायचं ते आपल्याला अजून कळलेलंच नाही, हा चांगला गोंधळ. चांगला गोंधळ सापडला की सर खूश व्हायचे, चहा मागवायचे, शिट्टी वाजवायचे. मला मेलीला दोन्ही गोंधळ सारखेच दिसायचे. दोन्हींत ड्रॉइंग परत काढायचं मलाच.

साइटवर मात्र त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, गाडीतून पाय खाली टेकायच्या आत, "पाणी मारलं का?" ओतलेल्या काँक्रीटला रोज पाणी द्यावं लागतं, नाहीतर ते कच्चं राहतं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी मनापासून करत नाही. मुकादम म्हणायचा, मारलं ना साहेब, आत्ताच मारलं. सर कॉलमवर हात फिरवायचे आणि कोरडा हात त्याला दाखवायचे. "सिमेंट दुकानात मिळतं रे," म्हणायचे, "पाणी मारणारा माणूस कुठल्या दुकानात मिळतो ते सांग मला."

असा माणूस त्यांना एकदाच मिळाला. एकनाथ. पाथर्डीकडचा. आधी ऊसतोडीला जायचा, मग खांदा निकामी झाला म्हणून बायकोला घेऊन नगरला आला आणि एका शाळेच्या साइटवर वॉचमन म्हणून लागला. त्याची बायको सिंधू. दोघं मिळून सकाळ-संध्याकाळ पाणी मारायची. कॉलमला ओलं बारदान गुंडाळायची, ते वाळू द्यायची नाहीत. सरांनी हात फिरवला तर हात ओला. दुसऱ्या दिवशी ओला. महिन्यानं ओला! सर तिथून ऑफिसात आले आणि मला म्हणाले, "आज मला देव भेटला." तेव्हापासून सरांचं काम जिथं, तिथं वॉचमन एकनाथ. बिल्डरला अटच घालायचे.

तर असे हे सिमेंटचे सर. त्यांच्या आयुष्यात लाकूड कधी शिरलं, मला खरंच माहीत नाही. दिवाळीची सुट्टी संपवून मी ऑफिसात आले तर सर काखेत हा एवढा जाड ठोकळा घेऊन उभे. माझ्या टेबलावर ठेवला, टकटक केली.

"ऐक."

"काय ऐकू?"

"बघ, फळ्या आहेत. एक थर उभा, त्याच्यावर एक आडवा, परत उभा. मधे चिकटवण आणि वरून दाब. हे आता कुठूनही वाकत नाही. याचं घर करायचं."

"घरातलं फर्निचर?"

"घर गं. मनमाड रोडच्या प्लॉटवर. बारा मजली."

मी ते हसायची वाट बघत थांबले. सर हसले नाहीत. पलीकडून एजंटांनी विचारलं, "कोण आहे?" आणि सरांना उत्तर द्यायचंही भान नव्हतं.

मास टिंबर म्हणतात त्याला. परदेशात अशा उंच इमारती उभ्या आहेत, लोक राहतात, हे सरांनी मला फोटो दाखवून पटवलं. पण परदेशात काय, लोक बर्फातही राहतात. आपल्या नगरात, मनमाड रोडला, लाकडाच्या बाराव्या मजल्यावर कपडे वाळत घालायला कोण जाणार? मी तसं विचारलं. सर म्हणाले, "गोंधळ आहे. पण काय चांगला गोंधळ आहे!"

लाकूडच का, हे मी त्यांना किती वेळा विचारलं असेल. मला म्हणाले, आपल्याकडची काळी माती फुगते, आकसते, तिच्यावर हलकी इमारत बरी. जागेच्या मालकाला, म्हणजे आमच्या शेठना म्हणाले, भिंती कारखान्यातून तयार येतात, निम्म्या वेळात इमारत उभी. एका सभेत म्हणाले, नदीत वाळू उरली नाही. आणि त्यांच्या घरी काकू मला म्हणाल्या, "अगं, आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर. ह्यांनीच डिझाइन केलेला. उन्हाळ्यात स्लॅब अशी तापते की मला दुपारी पाठ टेकता येत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात एकदा मी चिडून म्हणाले, काय तुमचं इंजिनिअरिंग, भट्टी बांधलीत! तर दुसऱ्या दिवशी तो ठोकळा घेऊन आले." यातलं खरं कारण कुठलं? सगळीच खरी असतील. नाहीतर त्यांनाही माहीत नसेल. मी तो नाद सोडला.

ड्रॉइंग काढायला बसले आणि माझी जी त्रेधा उडाली! खाली पार्किंग काँक्रीटचं, लिफ्टचा खांब काँक्रीटचा, तिथवर ठीक. त्याच्या वर गेलं की माझा हात आपोआप सळया काढायचा. इतक्या वर्षांची सवय ती.

"सर, इथं सळया किती?"

"सळया नाहीत."

"मग जोडायचं कशानं?"

"स्क्रू."

"बारा मजले स्क्रूवर?"

"मोठे असतात गं."

मंजुरीच्या ऑफिसात तर बहारच झाली. तिथले साहेब चांगले होते, त्यांनी शांतपणे सगळे कागद बघितले, परत पहिल्यापासून बघितले आणि म्हणाले, "सर, भिंती लाकडाच्या, वरचा मजला लाकडाचा... म्हणजे मी हे तात्पुरती शेड म्हणून धरू का?" बारा मजल्यांची तात्पुरती शेड! मी पदर तोंडात धरला. सर मात्र गंभीरपणे म्हणाले, "तुमचाही गोंधळ झाला ना? छान. आपण दोघं मिळून शोधू." आणि खरंच, त्या साहेबांना पण नाद लागला. आगीचं काय, वाळवीचं काय, असं ते विचारत राहिले आणि सर एकेकाचं उत्तर घेऊन जात राहिले. शेवटी ते म्हणाले, आगीची आणि ताकदीची चाचणी करून आणा, मी फाइल वर पाठवतो.

शेठ मात्र व्यवहारी माणूस. त्यांनी सरळ सांगितलं, "सर, तुमचा शब्द मी मोडत नाही. पण घर घेणारे लोक आहेत. तुम्ही माझ्या प्लॉटवर लाकडाची एक खोली उभी करून दाखवा. गुढीपाडव्याला मी लोक बोलावतो. दहा जणांनी जरी नावं दिली तरी इमारत लाकडाची. नाही दिली, तर मग तुमचं ते नेहमीचं सिमेंट."

म्हणजे सगळी इमारत त्या एका खोलीवर येऊन ठेपली. सर म्हणाले, रास्त आहे.

भिंतींचे पॅनल केले एमआयडीसीत. तिथं एक जण मशिनरी पाठवायला पाइनच्या मोठमोठ्या पेट्या बनवतो. सर त्याच्याकडे जाऊन बसले. त्यानं आधी सरांना येडं समजलं, मग चहा पाजला, मग पॅनल करून दिले. भिंती, छत, जमीन सगळं लाकडी, फक्त खाली विटांचं जोतं. मनमाड रोडच्या प्लॉटवर ती खोली क्रेननं एका दिवसात उभी राहिली. मी बघायला गेले होते. पिवळी धम्मक, ताज्या लाकडाचा वास सुटलेला. खरं सांगते, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की अरे, इथं माणूस राहू शकेल. सरांनी चारी भिंती वाजवल्या. एकदाही गोंधळ आहे म्हणाले नाहीत.

मग होळी आली. आमच्या गल्लीतली होळी, म्हणजे ऑफिससमोरच. आपल्याकडं होळीला लोकांच्या घरची लाकडं गुपचूप पळवून टाकायची पद्धत. सरांनी उलटंच केलं. सगळ्यांच्या देखत आपला तो जाड ठोकळा होळीत ठेवला, घड्याळ लावलं, आणि चांगला तासभर जळू देऊन पहारीनं बाहेर ओढायला लागले! बायका नैवेद्य दाखवायला उभ्या, पोरं बोंबा मारतायत, आणि हे होळीतून लाकूड काढतायत.

समोरच्या आजी कडाडल्या, "अहो, होळीत घातलेलं परत काढतात का?"

"आजी, निखारा नाही का नेत तुम्ही घरी, अंघोळीचं पाणी तापवायला?"

"निखारा नेतात. ओंडका नाही नेत!"

"मग हा जरा मोठा निखारा समजा."

आजींनी कपाळावर हात मारला. सकाळी, धुळवडीच्या दिवशी, सरांनी तो ठोकळा करवतीनं चिरला. बाहेरून बोटभर कोळसा, आणि आत लाकूड जसंच्या तसं, पिवळं. जाड लाकूड बाहेरून कोळसा धरतं आणि तो कोळसाच आतल्याला राखतो, हे सर मला महिनाभर सांगत होते. डोळ्यांनी बघितलं तेव्हा पटलं. आजींनीसुद्धा चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "बाई! हे तर कच्चंच राहिलं."

त्याच दिवशी दुपारी सर पुण्याला गेले. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत पॅनलच्या तुकड्यांची रीतसर चाचणी होती. पाडव्याच्या आधी परत येणार होते. जाताना प्लॉटवर थांबले, एकनाथला म्हणाले, "सगळं तुझ्या भरवशावर सोडून चाललोय. हयगय करू नको." एकनाथ म्हणाला, "साहेब, तुमी निवांत जा." आणि सर खरंच निवांत गेले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ते परत आले, चाचणी उत्तम झालेली, चेहरा खुललेला. मला गाडीत घेतलं आणि थेट प्लॉटवर. खोली ताडपत्रीनं नीट झाकलेली होती. एकनाथ आणि सिंधू दोघं समोर येऊन उभी राहिली. सरांनी ताडपत्रीचं टोक उचललं. आत बारदान. चारी भिंतींना बारदान गुंडाळलेलं. ओलं. थबथबीत ओलं.

"एकनाथ, हे काय रे?"

"पाणी मारलंय साहेब," एकनाथ छाती काढून म्हणाला. "सकाळच्या पारी आन् सांजच्याला. एक दिस खाडा न्हाई. वर बी मातीचं आळं केलं हुतं, त्यात पाणी भरलं हुतं. वाळू नये म्हणून ताडपत्री टाकली."

सिंधू कौतुकानं म्हणाली, "हापसा लांब हाय, पर ह्यांनी आईकलं न्हाई."

सरांनी बारदान बाजूला केलं. ती पिवळी भिंत काळी पडली होती, फळ्या फुगल्या होत्या, थरांमधल्या फटी उघडल्या होत्या. छताचं लाकूड मधोमध खाली आलेलं. सरांनी सवयीनं बोट वाकवलं आणि टकटक केली. आवाजच आला नाही. ओल्या कणकेवर बोट मारावं तसं झालं.

माझा तोल सुटला. "अरे लाकूड आहे ते! लाकडाला कोणी पाणी मारतं का?"

एकनाथ गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. "पर ताई, लाकडाच्या आत माल असतोच की. सेंट्रिंग उघडायच्या आधी पाणी नगं का?"

बरोबरच होतं त्याचं. त्यानं जन्मात जेवढ्या इमारती बघितल्या, त्या सगळ्यांना आधी लाकडी फळ्यांचा साचा होता, आत काँक्रीट होतं, आणि फळ्या शेवटी काढून टाकायच्या होत्या. ही फळीच इमारत आहे, हे त्याला कोण सांगणार? मला हे तिथं उभ्याउभ्या कळत होतं आणि तरी त्याला धरून हलवावंसं वाटत होतं. मी परत तोंड उघडलं तर सरांनी हात वर केला.

"चांगलं मारलंयस पाणी," ते एकनाथला म्हणाले. "आता बास कर."

आम्ही बारदानं काढली, शेठकडून मोठे पंखे आणले, दारं-खिडक्या उघड्या टाकल्या. एका दिवसात काय वाळणार, कपाळ! घरी जाताना मी रिक्षात रडले. रिक्षावाल्यानं विचारलं, कोणी गेलं का ताई? काय सांगणार त्याला?

पाडव्याला शेठनी खोलीवर गुढी उभारली. सगळ्या प्लॉटवर सरळ अशी ती गुढीची काठीच काय ती होती. लोक आले, नटूनथटून आले. दार अर्ध्यावर अडकत होतं. जमीन पायाखाली कुरकुरत होती, कुबट वास येत होता. सर प्रत्येकाला तो चिरलेला ठोकळा दाखवत होते, न थकता, हसतमुखानं. एका तरुण बाईनं विचारलं, "भिंतीला खिळा मारता येईल का हो?" सरांचा चेहरा असा उजळला! राहण्याबद्दलचा प्रश्न विचारणारी ती एकटीच. "बिनधास्त मारा," म्हणाले, "ड्रिलसुद्धा नको." तिच्या नवऱ्यानं भिंतीला हात लावला, हात ओला झाला, त्यानं तो पँटला पुसला आणि तिला घेऊन गेला.

मग एक आजोबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमची लाकडं तशीही जवळ आलीत. आत्तापासून कशाला त्यांच्यात राहायला जा?" जो हशा पिकला म्हणता! सर पण हसले. मला मात्र त्या म्हाताऱ्याला काठीसकट गेटबाहेर काढावंसं वाटलं.

एकही नाव आलं नाही. शेठ सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, माझा तुमच्यावर विश्वास आहे. लोकांचा लाकडावर नाही. सिमेंटमध्ये करून टाकू." खोली कोरडी असती तर नावं आली असती का? मला वाटतं आली असती. कधी वाटतं, छे, तरी कोणी दिलं नसतं. आजही मला ठरवता येत नाही.

सगळे गेल्यावर एकनाथ पाण्याच्या टाकीपाशी उकिडवा बसलेला दिसला. लोक का परत गेले ते त्याला आता समजलं होतं. सर जवळ गेले तसा तो उठला.

"साहेब, म्या घात केला व्हय तुमचा?"

सर म्हणाले, "एकनाथ, मी जन्मभर ज्याला त्याला पाणी मार म्हणून सांगत आलो. ऐकलंस तू एकट्यानं. आता तुझ्यावर कोणत्या तोंडानं रागवू?"

गाडीत मी विचारलं, "सर, हा कुठला गोंधळ? चांगला का वाईट?"

"मला कळत नाहीये गं," ते म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच न हसता म्हटलं.

त्यानंतर सर ऑफिसात तीच इमारत सिमेंटमध्ये डिझाइन करायला लागले. सगळे हिशोब तितक्याच प्रेमानं. माझ्या हाताला परत सळया सापडल्या, पण कशी कोण जाणे, मला त्या आता टोचायच्या. आणि दर रविवारी सर प्लॉटवर जाऊन त्या खोलीशी खुडबुड करायचे. उन्हाळ्यात लाकूड वाळलं. दोन पॅनल पार गेले होते, ते पेटीवाल्याकडून नवे आणले. बाकीच्यांच्या फटी चिकटवून, आरपार लांब स्क्रू मारून आवळल्या. एकनाथ हाताखाली. शेठना म्हणाले, ही एका कोपऱ्यात सरकवतो, वॉचमनला राहू दे. शेठना काय, पत्र्याच्या खोपटाचा खर्च वाचला.

सिंधू-एकनाथ त्या खोलीत राहायला गेले तो भर वैशाख होता. आठवड्यानं सरांनी सिंधूला विचारलं, "कसं काय वाटतं गं आत?"

ती डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "दुपारच्याला नीज लागतीय, साहेब. पत्र्यात न्हवती लागत."

बस. एवढंच. पण सरांनी ते वाक्य नगरभर फिरवलं. शेठना सांगितलं, मंजुरीच्या साहेबांना फोन करून सांगितलं, भिंतीतून विमा एजंटांना ओरडून सांगितलं, "अहो, दुपारी झोप लागते म्हणाली!" एजंट म्हणाले, "कोणाला?" बारा मजले गेले आणि हा माणूस एका बाईच्या दुपारच्या झोपेवर खूश! मी चिडून म्हणाले, "सर, हरलो आपण." तर म्हणाले, "हो का? मला वाटलं, एक नाव आलं."

आणि एकनाथ! पलीकडे सिमेंटची इमारत उभी राहत होती, तिला दोन वेळा पाणी. आणि खोलीला एक थेंब लागू देईल तर शपथ. छपराला त्यानं चारी बाजूंनी पत्रा पुढं काढला. गवंडी जवळपास चूळ भरायला लागला तरी अंगावर जायचा, "ए, तिकडं थुक! लाकडाला पाणी न्हाई चालत, येवढं बी कळंना व्हय?"

इमारत सातव्या मजल्यावर होती तेव्हा सर गेले. साधा ताप म्हणता म्हणता छातीत गेला आणि चार दिवसांत आटोपलं. अमरधामला आम्ही सगळे होतो. एकनाथ आणि सिंधू पार मागं उभी. सरण रचत होते तेव्हा मला नेमकं त्या आजोबांचं वाक्य आठवलं आणि स्वतःचाच इतका राग आला की मी तोंड फिरवून उभी राहिले. काकूंच्या हाताला धरून ढसाढसा रडले. त्याच मला थोपटत होत्या.

ऑफिस मी पुढं चालू ठेवलं, हातातली कामं संपेपर्यंत. एक दिवस विमा एजंट आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, दारातून. खुर्चीवर बसले, मधल्या भिंतीकडं बघत राहिले. "सवय वाईट हो," म्हणाले, "मी अजून मधेच विचारतो, कोण आहे." आम्ही दोघं चहा प्यायलो.

इमारत पुरी झाली. चांगली झालीय, कुठं चीर नाही. एकनाथचं तिथलं काम संपलं. शेठ म्हणाले, खोली आता अडचण होतेय, हलवा. एकनाथ ऑफिसात आला, दारातच उभा राहून म्हणाला, "ताई, ते घर खोलता येतंय का? गावाकडं न्यावं म्हनतो."

खोलता येतंय का! अरे, खोलता येतं! सिमेंटचं घर खोलून टेम्पोत घालता येतं का? मी सरांची ड्रॉइंगं काढली, प्रत्येक पॅनलवर रंगानं नंबर घातले, पेटीवाल्यानं आपली माणसं पाठवली, आणि ज्या क्रमानं जोडली त्याच्या उलट क्रमानं खोली सोडवली. सिंधू स्क्रू गोळा करून पातेल्यात टाकत होती. टेम्पो भरला, वर त्यांची चूल-बोळकी, वर कोंबड्यांची पाटी, आणि सरांची इमारत करंजी घाटाच्या दिशेनं निघाली. मला हसू येत होतं आणि डोळे वाहत होते. काय वाटत होतं ते सांगता येणार नाही. गोंधळच होता नुसता.

परवा पाथर्डीकडं एका शाळेच्या कामाला गेले होते. वाट वाकडी करून एकनाथच्या वस्तीवर गेले. बाभळीच्या पलीकडं, बांधाला लागून, दगडी जोत्यावर ती खोली उभी होती. मी मागच्या बाजूनं आले. उन्हानं लाकूड राखाडी झालंय, पण माझ्या हातचे नंबर अजून दिसतात. मागच्या भिंतीवर कोणीतरी खिळा मारून विळा अडकवला होता. बिनधास्त मारा, सर म्हणाले होते.

दुपारची वेळ. कुठं कोणी नव्हतं. माझं बोट कधी वाकलं मला कळलं नाही. मी भिंतीवर टकटक केली, दोनदा, आणि मान तिरकी करून उभी राहिले. खणखणीत आवाज आला.

आणि आतून, झोपेतून उठल्यासारखा, "कोन हाय?"

'कोणी नाही, भिंत बघतेय,' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी तशीच भिंतीवर हात ठेवून उभी.

आत बांगड्या वाजल्या. सिंधू म्हणाली, "आवं, तिकडून काय वाजिवताय? दार हिकडं हाय. या की आत."